बंदीने पुस्तक खपतं, पण…

'बंदी घातली की पुस्तकाची फुकट जाहिरातच होते, मग एवढी ओरड कशाला?' हा तुमचा मुद्दा मला अर्धाच पटला. जी गाजली तीच नावं आपल्याला माहीत असतात. जी गडप झाली ती मोजणार कोण?

शिवाय बंदी निदान दिसते तरी. गुपचूप चालणारी कात्री मला जास्त छळते. रे ब्रॅडबरी यांची 'फॅरनहाइट ४५१' (१९५३) ही पुस्तकं जाळणाऱ्या समाजाची कादंबरी. तिची १९६७ साली शाळांसाठी आवृत्ती निघाली, तीत दारुडा माणूस 'आजारी' झाला आणि बेंबी साफ करायची तिथे कान साफ झाले! लेखकाला पत्ताच नव्हता. पुढे कळल्यावर त्यांनी मूळ मजकूर परत आणवला.

आता ओळखीचा, म्हणजे 'मी कोण' याचा प्रश्न. ब्रिटिश लेखिका रॅडक्लिफ हॉल यांच्या 'द वेल ऑफ लोनलीनेस' या पुस्तकावर १९२८ मध्ये लंडनमध्ये अश्लीलतेचा खटला झाला आणि बंदी आली. त्यात उघडं वर्णन जवळपास नाहीच. खुपलं ते हे की, बाईवर प्रेम करणारी बाई लेखिकेने दोषी ठरवली नाही. म्हणजे आक्षेप शब्दांवर नव्हता, अशी माणसं असतात आणि त्यांनाही मान हवा, या म्हणण्यावर होता. अशी एखादी मुलगी तेव्हा स्वतःला शोधायला पुस्तकांकडे गेली असेल, तर तिच्या हाती काय लागलं असेल?

अमेरिकेत ते भरपूर खपलं, तेवढ्यापुरता तुमचा मुद्दा खरा. ब्रिटनमध्ये मात्र ते पुन्हा निघालं १९४९ साली. लेखिका १९४३ मध्येच गेली होती.