हॅलयार्डवर (शीड वर चढवायच्या दोरावर) खूण करा

शिडाच्या होडीबद्दल कुणी लिहिलंय, "वारा झेपेनासा झाला की रीफ घ्या," म्हणजे शीड थोडं उतरवून लहान करा. दोघंच असाल तर तोवर उशीर झालेला असतो. वारा 10 नॉटचा (ताशी सागरी मैल) 20 झाला, की शिडावरचा दाब चौपट होतो.

आम्ही इंदूरचे, सुट्टीत भोपाळच्या मोठ्या तलावावर जातो. मे महिन्यातल्या वावटळीत ही सुकाणूवर, मी डोलकाठीपाशी. रीफ घ्यायला हॅलयार्ड अंदाजाने सोडला, जास्तच सुटला. ओलं शीड फडफडत पाण्यात लोळलं. फार घाबरलो होतो. घरी येऊन हिने हॅलयार्डवर लाल दोऱ्याचे घट्ट टाके घातले. आता रीफ घेताना शीट (शीड ओढून धरणारा दोर) सैल करायची, हॅलयार्ड सोडत खूण क्लीटशी (दोर अडकवायच्या खुंटीशी) आली की थांबायचं, शिडाचा पुढचा रीफचा कोपरा अडकवून हॅलयार्ड ताणायचा, मगच मागच्या कोपऱ्याचा रीफचा दोर ओढायचा. तो आधी ओढू नका, शीड फाटू शकतं. अंधारातही टाके बोटांना लागतात.