ग्रीनजवळ येऊन सगळं घालवतो, शॉर्ट गेमसाठी सल्ला हवा

धुऱ्यावरचा:
नमस्कार मंडळी. मी हिंगणघाटहून आत असलेल्या एका गावचा. घरी कपाशी-तूर. पुण्यात नोकरीला असताना गोल्फचं खूळ लागलं, ते गावी सोबतच आलं. महिन्यातून दोनदा नागपूरला जाऊन 18 होल खेळतो, बाकी दिवस वावर. स्कोअर 104 च्या खाली काही येऊन नाही राहिला. मागच्या वेळी ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या आखूड गवतावर, बॉल लोळवत होलमध्ये घालायचे फटके (पट) मोजले तर 41! शिवाय ग्रीनच्या कडेवरून सँड वेजने (वाळूतून बॉल काढायची काठी) मारलेली चिप, म्हणजे छोटा फटका, तीनदा अशी सुसाट गेली की बॉल पलीकडच्या बंकरमध्ये, वाळूच्या खड्ड्यात. 60 डिग्रीचा लॉब वेज, म्हणजे बॉल उंच उडवणारी काठी, घ्यावा म्हणतो. कोणता घेऊ? आणि सराव कुठे करू? आमच्याकडे लॉन म्हणजे लग्नाचं.

नऊनंबरी:
वेज घेऊ नका भाऊ, पैसे बियाण्याला ठेवा. पार 72 मध्ये, म्हणजे 18 होलसाठी ठरलेल्या 72 फटक्यांत, होलमागे दोन असे 36 पट धरलेलेच असतात, तुमचे त्यावर पाच गेले. तीन-तीन पट होतात ते बहुतेक पहिल्या पटचं अंतर चुकल्यामुळे. दिशा एवढी चुकत नाही, पण बॉल सहा-आठ फूट अलीकडे नाहीतर पलीकडे थांबतो. आणि 8 फुटांवरून पीजीए टूरवरचे व्यावसायिक खेळाडूही साधारण निम्मेच घालतात, तर आपली काय कथा. लांबच्या पटला होल विसरा. बॉल त्याच्या तीन फुटांत थांबला की झालं.

चिपसाठी 8 नंबरची आयर्न (लोखंडी पात्याची काठी) काढा. वजन डाव्या पायावर, बॉल उजव्या पायाकडे, मनगट न मोडता पटसारखाच झोका. बॉल ग्रीनवर दोन पावलं आत पडावा आणि पुढे लोळत जावा.

वऱ्हाडी_वेज:
मले एक सांगा, चिपा मारल्या तो महिना कोणता होता? एप्रिल-मे असन तर दोष तुमचा अर्धाच. सँड वेजच्या बुडाले जो फुगवटा असते, ज्याले बाऊन्स म्हणतेत, तो वाळूत अन् ओल्या मातीत कामाचा. अमेरिकन गोल्फर जीन सॅराझेननं 1932 ची ब्रिटिश ओपन जिंकली तवा असाच वेज त्याच्या बॅगेत होता, अन् तो बनवला होता बंकरसाठी. आपल्या इकडची काळी माती उन्हाळ्यात सिमेंटावानी होते. तिथं फुगवटा आपटून उसळते, पात्याची धार बॉलच्या पोटात बसते, अन् बॉल गेला बंकरात. उन्हाळ्यात पिचिंग वेज नाहीतर 8 नंबर वापरा, सँड वेज पावसाळ्यात काढा. 60 डिग्रीचा तर कोरड्या जमिनीवर आपल्यासारख्याले हातात घ्याच नाई.

सावनेरकर:
थोडा विरोध करतो. कोलंबिया विद्यापीठाचे मार्क ब्रॉडी यांनी लाखो फटक्यांचा हिशेब मांडला. दोन खेळाडूंच्या स्कोअरमधला दोन तृतीयांश फरक 100 यार्डांपलीकडच्या फटक्यांतून येतो, असं त्यात दिसलं. 104 मध्ये हरवलेले बॉल किती, तेही मोजा.

धुऱ्यावरचा:
मोजले, तीन हरवले. पण ड्रायव्हरचा, म्हणजे लांब फटक्याच्या काठीचा, सराव गावात केला तर बॉल शेजाऱ्याच्या गोठ्यात जाईल, आणि त्याची म्हैस गाभण आहे. महिना एप्रिलच होता, वऱ्हाडी भाऊ. पट कुठे करू ते सांगा.

नऊनंबरी:
अंगण सारवलेलं आहे ना? मग झालं. होल 108 मिलिमीटर रुंद असतो, घरचा स्टीलचा पेला त्याहून अरुंद. तो आडवा ठेवा आणि चार फुटांवरून मारा. लांबच्या पटचा अंदाज मात्र अंगणात येणार नाही, ग्रीनचा वेग वेगळा. त्यासाठी नागपूरला पंधरा मिनिटं आधी पोहोचा आणि सराव-ग्रीनवर फक्त 30 फुटी पट मारा.

धुऱ्यावरचा:
आठ दिवस झाले. चार फुटांवरून दहापैकी सात जाऊन राहिले. चिपा पराटी (कपाशीची झाडं) उपटलेल्या पट्ट्यात मारतो, नांगरट केलेल्या भागात ढेकळांत बॉल सापडत नाही. पेल्याला पोचे पडले म्हणून आईने तो परत नेला आणि डालड्याचा जुना डबा दिला. तो 108 पेक्षा मोठा आहे, चालेल का?