द्राक्षाच्या टोळ्यांतली मुलं लशीतून सुटतात, शेरा मात्र आईवर

गोदाकाठ:
पेठ-सुरगाण्याच्या मजुरांच्या टोळ्या द्राक्षांच्या ऑक्टोबर छाटणीला दिंडोरी-निफाडकडे उतरतात. लसीकरणाचं कार्ड गावी राहिलेलं, बाळ 11 महिन्यांचं, पेंटाचा (पाच रोगांवरची एकत्र लस) एकच डोस झालेला. नोंदवहीत शेरा: ‘आईचा नकार’. अशा बाळाचं नेमकं काय करायचं? आणि याला नकार म्हणायचं का?

शीतपेटी:
बाळाचं आधी. रहिवासी दाखला लागत नाही, मूल जिथे आहे तिथे लस मिळते. डोस पहिल्यापासून सुरू करायचे नाहीत. पेंटाचा दुसरा आजच, तिसरा 4 आठवड्यांनी. 9 महिने उलटलेत, तेव्हा गोवर-रुबेलाही आजच, वेगळ्या जागी टोचून. बाळंतपण घरी झालं असेल तर बीसीजी (क्षयाची लस, जन्मल्यावर देतात ती) झाली का ते विचारा. वर्ष उलटल्यावर ती देत नाहीत. जुनी नोंद युविनवर (लसीकरणाचं सरकारी पोर्टल) मोबाइल नंबरवरून निघते. गोची अशी, की नंबर बहुधा नवऱ्याचा असतो आणि तो दुसऱ्या बागेत.

अडतं कुठे? गोवर-रुबेलाची कुपी 5 डोसांची, पाणी घातल्यावर 4 तासांत टाकावी लागते. एका मुलासाठीही कुपी फोडायची, असा नियम आहे. तरी वाया जाईल म्हणून ‘पुढच्या वेळी या’ ऐकवतात. पुढच्या वेळी टोळी तिसऱ्याच शिवारात.

वहीपान:
नकार कसला? लसीकरणाचं सत्र भरतं दिवसा, कामाच्या वेळात. काम उक्तं असलं की एक बाई कमी झाली तरी मुकादम कुरकुरतो. पेंटानंतर रात्री अंग तापतं, म्हणजे दुसरा रोजही बुडाला. दोन्ही आईचेच, बापाने खाडा करावा हे कोणाच्या डोक्यातही येत नाही. (पॅरासिटामॉल हातात देऊनच पाठवा, एका वेळी बाळाच्या वजनाच्या दर किलोला 10 ते 15 मिग्रॅ.)

आशाताईंचंही तेच. केंद्राच्या दराने पहिल्या वर्षाचं लसीकरण पूर्ण झालं की एका मुलामागे 100 रुपये. पाहुण्या बाळाचा मधला डोस देऊन हाती काय लागतं? दोन्हीकडे बाईचीच फुकट पायपीट.

शीतपेटी:
म्हणून छाटणीच्या आधीच उपकेंद्राच्या सूक्ष्म नियोजनात (लसीकरण सत्रं कुठे-कधी, त्याचा आराखडा) बागा चढवून घ्या. वीटभट्ट्या अतिजोखमीच्या, म्हणजे मुलं लशीतून सुटण्याचा धोका जास्त अशा जागांच्या यादीत असतात, द्राक्षबागा राहून जातात. सत्र बागेतच, सकाळी 7 ला, टोळी कामाला लागण्याआधी. शेऱ्यात ‘स्थलांतरित’ लिहा, आणि खाली मुकादमाचा नंबर.