मदत हवी आहे: आजोबांची लाकडी फ्लूट लंडनची की आणखी कुठली? किंमत काय धरावी?

नमस्कार मंडळी,

आमच्या दापोलीच्या घरात माळ्यावर एक जुनी फ्लूट आहे. बासरी म्हणत नाही, कारण बांबू नाही. काळसर जड लाकूड, चार तुकडे जोडून होते, वर भोकं उघडझाप करणाऱ्या ८ चाव्या. कॅम्पातल्या एका बंगल्याच्या सामानाचा लिलाव झाला, त्यात आजोबांनी टेबल घेतलं आणि खणात ही निघाली, असं घरात सांगतात. आल्यागेल्याला ते "लंडनची आहे" म्हणून दाखवत. वाजवता कुणालाच आली नाही.

मागच्या उन्हाळ्यात मी शहाणपणा करून ती पुण्याला आणली नि एसीच्या खोलीत ठेवली. तीन आठवड्यांत वरच्या तुकड्याला नख अडकेल एवढी चीर गेली. घाबरून परत दापोलीला नेली, तर पावसाळ्यात ती चीर मिटून केसाएवढी राहिली. आई म्हणते, खोबरेल लावलं असतंस तर फुटलीच नसती.

आता एका जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याने फोटो बघून बारा हजार सांगितले. मी गप्प बसलो तर पंधरावर आला. तिथेच संशय आला. छापातलं नाव पुसलंय, 'लंडन' तेवढं वाचता येतं. जोडांवर पांढऱ्या कड्या आहेत. हस्तिदंत असेल का? जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद १:
'लंडन' वाचून हुरळू नका. जर्मनीत मार्कनॉयकिर्शनच्या आसपास अशा फ्लूट ढिगाने बनत आणि दुसरीकडचे दुकानदार त्यावर आपलं नाव ठोकत. १८८७ च्या ब्रिटिश कायद्यामुळे असल्या परदेशी मालावर मूळ देश लिहिणं भाग पडलं. तेव्हा भिंग घ्या आणि छापाच्या आजूबाजूला शोधा. पुसलेलं नाव रुडॉल अँड रोझ या लंडनच्या नामांकित फ्लूट बनवणाऱ्यांसारखं निघालं (त्यांची भागीदारी १८२१ ची), तर गोष्टच वेगळी, त्यांच्या चांगल्या फ्लूट हजारो पौंडांना जातात. साधी जर्मन असेल तर व्यापारी तुम्हाला लुबाडत नाहीये.

कड्यांवर एकमेकींना छेदणाऱ्या तिरक्या बारीक रेघा दिसल्या तर हस्तिदंत, काळे ठिपके दिसले तर हाड. तापलेली सुई टोचून बघायचा उद्योग करू नका. हस्तिदंत असेल तर विकायचं विसरा, १९७२ चा वन्यजीव कायदा आडवा येतो. आणि वस्तू शंभर वर्षांवरची असेल तर परदेशातल्या लिलावाला परस्पर पाठवायचीही सोय नाही.

चिरेचं म्हणाल तर वरच्या तुकड्यात बहुधा धातूची नळी असेल. कोरड्या हवेत लाकूड आकसतं, नळी आकसत नाही, मग लाकूड फाटतं. खोबरेल नको. बदामाचं तेल अगदी पुसट, तेही चाव्यांखालच्या गाद्यांना न लावता. आणि पावसात मिटलेली चीर घेणाऱ्याला सांगा, फोटोत ती दिसणार नाही.

धागाकर्ता:
भिंग घेऊन पडवीत बसलो. कड्यांवर काळे ठिपके आहेत, म्हणजे हाड. आणि 'लंडन'च्या खाली तिरप्या उजेडात 'जर्मनी'ची शेवटची तीन-चार इंग्रजी अक्षरं लागली. आईला अजून सांगितलं नाही. व्यापाऱ्याला चिरेसकट कळवलं, त्याचा फोन काही आला नाही.

आता विकत नाही, पण चीर भरून वाजती करायची आहे. दापोली-खेडकडे लग्नाच्या बँडवाल्यांची क्लॅरिनेट कोण दुरुस्त करतं, माहीत आहे का कुणाला?