शब्दचर्चा : गोष्ट 'संथ' की 'रटाळ'?

विचारणा (दारव्हा)
हरभऱ्याच्या ओलितासाठी सध्या रात्रीची लाईन आहे. मोटर सुरू केली, दांड फोडून दिला की धुऱ्यावर बसून एका घराण्याच्या अनेक पिढ्यांची कादंबरी ऐकतो. मेलेला आजा ओसरीवर येऊन बसतो आणि सून त्याला जेवायचं विचारते, अशा वळणाची. लहाना भाऊ म्हणतो, रटाळ आहे. मला तसं मुळीच वाटत नाही. मग काय म्हणावं? मंद, धिमी, संथ, विलंबित?

आर्वी
दादा, 'रटाळ' हा दोषच आहे. रट लावणे म्हणजे तेच ते उगाळत राहणे. त्यात पुढे जाणं नसतं. 'मंद'मध्ये उणीव आहे: मंद दिवा, मंदबुद्धी. 'विलंबित' हा शब्द गाण्यातला, त्याच्या पाठोपाठ मध्य आणि द्रुत लय अपेक्षित असते. तुमची गोष्ट द्रुत लयीत कधी येतच नसेल, तर तो बसणार नाही.
'संथ' घ्या. संथ पाणी वाहतं, पण त्यावर खळबळ नसते. म्हणजे या शब्दात वेग कमी असणं आणि पृष्ठभाग शांत असणं, दोन्ही आलं. 'काम संथ गतीने' ही बातमीतली तक्रार खरी, पण संथ सूर, संथ लय म्हणताना कोणी तक्रार करत नाही.

अकोट
आमच्या वऱ्हाडीत 'हयूहयू' आहे ना राजेहो! बुढी गोष्ट सांगे तं हयूहयूच सांगे. 'हळू'त आवाजही येतो आन् चालही येते. 'हळू बोल' म्हटलं तं कोणी शब्द लांबवत नाही, आवाज खाली घेते.

दारव्हा
हे आवडलं. अजून एक अडलं आहे. या प्रकाराला 'जादुई वास्तववाद' म्हणतात. ऐकताना जादूसारखं तर काहीच वाटत नाही.

आर्वी
मलाही तो शब्द खटकतो. 1925 मध्ये फ्रान्झ रोह या जर्मन कलासमीक्षकाने मूळ संज्ञा वापरली ती चित्रांसाठी. 1949 मध्ये क्यूबाचे लेखक अलेहो कार्पेंतिएर यांनी लॅटिन अमेरिकेच्या संदर्भात 'अद्भुत वास्तव' अशी मांडणी केली. मराठीत 'जादुई' रुळला आणि त्यासोबत जादूगार, हातचलाखी हे सगळं शब्दामागे आलं.
'अद्भुत' जास्त भारदस्त आहे, पण आपल्या रसविचारात अद्भुताचा स्थायिभाव विस्मय. इथे वाचकाला विस्मय वाटेल, सांगणाऱ्याला अजिबात नाही. खरी गंमत तिथेच आहे. आपल्याकडे म्हातारा माणूस सांगतो, 'नाल्याजवळ चकवा लागला, पहाटेपर्यंत त्याच वावरात फिरलो,' आणि त्याच आवाजात पुढे विचारतो, 'तुरीला काय भाव निघाला?' आवाज चढत नाही, म्हणून आपण विश्वास ठेवतो. पुस्तक वाचून दाखवणाऱ्याने आजा ओसरीवर येताच श्वास रोखला, आवाज घोगरा केला, की ती भुताची गोष्ट होते. म्हणून माझ्या मते 'संथ' हा शब्द इथे वेगापेक्षा आवाजाला अधिक लागू पडतो. तुमच्या भावाला विचारा, त्यांनी वेग दीडपट करून ऐकलं का? त्यात हा सपाट सूर पहिल्यांदा जातो.

आरमोरी
नावांचं काय करता? अशा कादंबऱ्यांत आज्याचं नाव नातवाला, त्याचं पुन्हा पणतवाला. छापील पुस्तकात मागे जाऊन वंशावळ पाहता येते, कानाला ती सोय नाही.

दारव्हा
आमच्या घरातही आबाजींचं नाव पुतण्याला आहे, ताई. 'मोठे', 'लहाने' लावून भागतं. ऐकतानाही मी तेच मनातल्या मनात लावत जातो.

आरमोरी
मग तुम्ही हुंकारा देतच ऐकता म्हणा की. आमच्याकडे गोष्ट सांगताना समोरच्यानं 'हूं' म्हणायचं. तो थांबला की सांगणारी म्हणते, 'झोपला वाटते,' आणि गोष्ट तिथंच ठेवते. या देण्याला यवतमाळकडे वेगळा शब्द आहे का?

दारव्हा
'हुंकारी भरणं' म्हणतात आमच्याकडे.