मुंबई ते न्यूअर्क आणि असेच लांबचे पल्ले: तुमचे अनुभव

ताकभात: आज भाचीचं तिकीट पाहिलं. मुंबईहून रात्री दीडला निघून सकाळी आठला न्यूअर्क. लगेच आमची आजी आठवली. तिनेही अशाच वेळा वाचल्या आणि गल्लीभर सांगत सुटली, "साडेसहा तास फक्त! महालक्ष्मी एक्सप्रेस कोल्हापूरहून मुंबईला न्यायला याहून जास्त वेळ घेते." तिकडचं घड्याळ साडेनऊ तास मागे, हे तिला विमानात कळलं. दुसरं जेवण आलं तरी खाली बर्फच, तेव्हा शेजारच्या सरदारजींना चक्क मराठीत विचारलं, "अहो, गाव कुठंय?"
लिहा तुमचेही.

सांगलीची_सून: आजी भारीच! आमच्या सासूबाई जप करत बसल्या होत्या. माळ तुटली, मणी पार पुढच्या रांगेत. हवाईसुंदरी गुडघ्यावर बसून वेचतेय... बाकी नंतर, कुकर झाला.

प्रश्नोबा: जाताना सोळा तास, येताना चौदाच्या आसपास, हे कसं काय?

फ्रीमाँटकर: वारा हो. दहा-बारा किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरात वाहतो. अंतर दोन्हीकडून तेच, साडेबारा हजार किमी. दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को तर एअर इंडियाने ऑक्टोबर २०१६ मध्ये अटलांटिक सोडून पॅसिफिकवरून नेलं. १३,९०० किमीचे १५,३०० झाले, पण दोनेक तास वाचले. आमच्या बाबांना अजून पटलेलं नाही. "लांबच्या वाटेने लवकर? मग एसटी का नाही जात तशी?"

प्रश्नोबा: बाबांना दंडवत

विदर्भकन्या: २०१९ ला बालाकोटनंतर पाकिस्तानचं आकाश जुलैपर्यंत बंद होतं ना, तेव्हा आईबाबा दिल्लीहून निघालेले. केवढा तो वळसा! बाबा समोरच्या पडद्यावरचा नकाशाच बघत राहिले, एक सिनेमा लावला नाही. आई मस्त झोपली.

ताकभात: सगळे बाबा नकाशाच बघतात काय?

मधुमेही_मामा: इन्सुलिनची वेळ कोणत्या घड्याळाने धरायची ते निघण्याआधीच डॉक्टरांकडून लिहून घ्या. औषधं हातातल्या बॅगेत. आणि मधूनमधून उठून चाला, पाय सुजतात. मी स्वयंपाकघराशी जाऊन उभा राहायचो, शेंगदाणे मिळायचे.

गोडामसाला: पुढच्या महिन्यात लेकीकडे चाललेय. सुकं खोबरं नेऊ देत नाहीत म्हणे?

विदर्भकन्या: हो काकू, तेलामुळे पेट घेतं म्हणून. २०२२ पासून मोठ्या बॅगेतही बंदी.

गोडामसाला: अगं पण मसाल्यात खोबरंच असतं की! भाजून ठेवलंय सगळं.

सांगलीची_सून: आले परत. काकू, दळून घ्या आधी. आमचा दळलेला दरवेळी जातो. तीळ किती घालता तुम्ही?