गौरम्माचं चित्र पाहून तुम्हाला काय वाटलं?

जर्मन चित्रकार विंटरहाल्टरनं १८५२ मध्ये रंगवलेलं कूर्गच्या (कर्नाटकातलं कोडगू) राजकन्येचं, गौरम्माचं चित्र कुणी पाहिलंय? अनुभव जरूर लिहा. कूर्गचा शेवटचा राजा चिक्क वीरराजेंद्र याचं राज्य कंपनी सरकारनं १८३४ साली खालसा केलं आणि त्याला काशीत ठेवलं. गौरम्मा त्याची मुलगी, जन्म १८४१. तो तिला विलायतेला घेऊन गेला. ३० जून १८५२ रोजी बकिंगहॅम राजवाड्यात तिचा बाप्तिस्मा झाला, म्हणजे तिला ख्रिस्ती धर्माची दीक्षा दिली. राणी व्हिक्टोरिया धर्ममाता झाली, मुलीला नावही आपलंच दिलं.

* * *

मी हे चित्र पाहायला ऑस्बर्न हाऊसला, राणीच्या वाइट बेटावरच्या वाड्यात, गेले होते. चित्रात तिच्या अंगावर हिंदुस्थानी पोशाख, दागिने आणि हातात बायबल! पोशाख तिचा ठेवायचा आणि हातातलं पुस्तक आपलं द्यायचं, हे कुणीतरी ठरवून केलंय. मला राग आला, अजूनही येतो. माझी लेक अकरा वर्षांचीच आहे. तिला बळंच कुणी असं उभं केलं असतं तर?

* * *

चित्रकार म्हणून लिहितो. विंटरहाल्टर म्हणजे युरोपातल्या राजघराण्यांचा लाडका चित्रकार. रेशीम आणि जरतार रंगवण्यात त्याचा हात धरणारा विरळाच. चित्र नेमकं कशासाठी करवून घेतलंय हे त्याला पक्कं ठाऊक असणार. तरी चेहरा त्यानं लहान मुलीचाच ठेवलाय, थोरल्या बाईचा आव त्यात आणला नाही. त्यासाठी मी त्याला मानतो.

* * *

कूर्गच्या राजधानीत, मडिकेरीला, किल्ल्यातला राजवाडा आणि गद्दिगे, म्हणजे तिच्या घराण्याच्या समाध्या, आवर्जून पाहा. हे राजे लिंगायत होते, कोडव (कूर्गचा स्थानिक समाज) नव्हेत. त्यामुळे चित्रात कोडव साडी शोधू नका. मी तेच शोधत बसलेल्या बऱ्याच जणांना हे सांगत असते.

* * *

पुढचं कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. बाप्तिस्म्यानंतर तिला बापापासून दूर, इंग्रज पालकांकडे ठेवलं. पंजाबचा पदच्युत महाराजा दुलीपसिंग याच्याशी लग्न लावायचा राणीचा बेत होता, तो फसला. १८६० मध्ये वयानं कितीतरी मोठ्या कर्नल जॉन कॅम्पबेलशी लग्न झालं, एक मुलगी झाली. १८६४ मध्ये, बाविसाव्या वर्षी, ती क्षयानं गेली. तिला लंडनच्या ब्रॉम्प्टन स्मशानभूमीत पुरलंय. लंडनकरांनो, वाट वाकडी करून जाऊन या आणि इथे लिहा.